तारेचे दोन वेढे

सुमनची दोन बोटं डोंग्याच्या तळाला साचलेल्या पाण्यात पडली होती. ती बोटांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. वल्हं माझ्या हातात होतं — आणि मी ते अजून खाली ठेवलं नव्हतं.

यापुढचं मी कुणाजवळ बोललेली नाही. नवरा गेला, त्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. कीव येणार असेल तर इथंच थांबा.

सुमन माझी धाकटी जाऊ. आम्ही हिंगणीकडचे, धरणाच्या काठचे, मासे धरून जगणारे. ऐंशी सालानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा असेल. उन्हात वरचं पाणी तापतं आणि मोठा मासा खाली जातो. धरण व्हायच्या आधी नदी जिथून वाहायची, त्या घळीत जाऊन बसतो. जाळं तिथवर पोचत नाही. माझ्या नवऱ्याची कंबर गेली होती, पण डोकं चालायचं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं एक तिरपी पाटी केली. डोंगा पुढं चालला की पाणी त्या पाटीला खाली दाबायचं, आणि ती मागच्या गळासकट बुडी मारायची. पण नायलॉनची दोरी जाड, ती पाण्यात फुगून वर यायची आणि पाटीलाही वर आणायची. दगड बांधून पाहिले, काही उपयोग नाही. मग त्यानं नागपूरच्या भंगारातून बारीक पोलादी तार आणली. तार पाणी कापत जाते. किती तार सोडली की पाटी तळाला टेकते, हे कुणी काढलं? मी. चौथी शिकलेल्या बाईनं. हात पसरून एकेक वाव मोजला, दर पाच वावांवर लाल दोरा बांधला. सहावा दोरा पाण्यात गेला की पाटी घळीत. ते मोजमाप माझं होतं.

दोन उन्हाळे तार माझ्या हातात आणि वल्हं दिराच्या. मग दीर पिपरीला घरांच्या बांधकामावर जायला लागला, आणि त्याच्या जागी सुमन डोंग्यात आली. आठवड्याभरात, तिला काठावरून दोरीनं मासे धरताना बघून, नवरा मला म्हणाला, "तार तिच्याजवळ दे, तू डोंगा हाण. तिच्या हाताले समजते खाली काय हाये ते. तुले नाई समजत."

सुमनसमोर म्हणाला. ती हसली. वाईट हसली नव्हती — पण तेव्हा मला तसं दिसलं का? नाही. मला तिचे दात दिसले.

आता वांग्याचं सांगते. तार आणली त्याच दिवशी नवऱ्यानं एक वांगं घेतलं, त्याला तारेचे दोन वेढे दिले आणि ओढलं. वांगं दोन तुकडे होऊन खाली पडलं. "दोरी ताणल्या जाते, तार ताणल्या जात नाई," म्हणाला. "हातात फडकं घे अन् नुसती धर. गुंडायची नाई." सुमनला तार द्यायच्या दिवशी त्यानं मला आठवणीनं बजावलं, "हे तिले सांगजो." मी हो म्हटलं.

सुमनच्या माहेरी नायलॉनच्या दोरीनं मासे धरत. तिथं दोरीचे दोन वेढे बोटांना घेतात, म्हणजे खालची टिचकीही कळते. लहानपणापासूनची सवय. पहिल्याच दिवशी तिनं तारेचे तसेच वेढे घेतले. मी समोर बसले होते. मी पाहिलं.

विसरले होते का? नाही. वांगं डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, असू दे. लागेल एकदा थोडंसं, मग कळेल हात कुणाचा चांगला आहे. असं एक दिवस नाही, नऊ-दहा दिवस म्हटलं.

आणि हेही सगळं नाही.

गावात सांगतात की मासा लागला होता. आजही सांगतात. दरवर्षी तो मासा थोडा वाढतो. परवा कुणीतरी त्याला म्हशीच्या रेडकाएवढा केला. मासा नव्हता. मासा लागला की तार थरथरते, बाजूला पळते. ती तार सरळ उभी राहिली, खुंट्याला बांधल्यासारखी. पाटी धरणात बुडालेल्या कुठल्यातरी झाडाच्या खोडात अडकली होती. सुमन म्हणाली, "थांबा मोठीबाई, अडकलं वाटते."

मी ऐकलं. मला कळलंही. आणि मी वल्हं आणखी एकदा मारलं — जोरात.

तेव्हा तिला ओढणारं खाली कुणी नव्हतं. मी होते.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. लुगड्याचा पदर फाडून मी तिचा हात आवळून बांधला आणि डोंगा असा हाणला की काठावरची माणसं बघत राहिली. बैलगाडी, मग सेवाग्रामचा दवाखाना. लोक म्हणाले, मोठीनं धाकटीला वाचवलं. मी ते म्हणू दिलं.

नवऱ्यानं एकच विचारलं, "सांगतलं होतं ना तिले?"

"तीनदा सांगतलं. ऐकते काय ती?"

तीनदा का म्हटलं? एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला त्या तीनची गोडी वाटली, म्हणून.

सुमन तेव्हा तापात होती. शुद्धीवर आली तेव्हा ज्यानं-त्यानं तिला तेच ऐकवलं — जाऊ तीनदा बोलली, तू ऐकलं नाहीस. दिरानं ऐकवलं, सासूनं ऐकवलं. आधी ती म्हणायची, "मले तर आठवत नाई." मग तेही म्हणायची बंद झाली. वर्षभरानं एकदा भाकर थापताना, तीन बोटांनी, आपणहून म्हणाली, "तुम्ही सांगतलं होतं मोठीबाई, मीच मस्तीत होती." मी चुलीतलं लाकूड सारलं. लाकूड सारायची गरज नव्हती.

आता तिच्या नातसुना आहेत. त्यांतली कुणी उलटून बोलली की सुमन हात वर करून दाखवते आणि सांगते, "मोठ्याचं ऐका पोरींनो. मोठीबाईनं तीनदा सांगतलं होतं." पोरी माझ्याकडे आदरानं बघतात. मी बघू देते. ती मला आवडली नाही कधी. आजही आवडत नाही. तिचा तो उंचावलेला हात मला सगळ्यात कमी आवडतो.

तिला सांगणार का? भिंतीपलीकडेच राहते. पंचवीस पावलं असतील. मी गेले नाही.

त्या दिवशी डोंग्यात आम्ही दोघीच होतो. दोघीही जिवंत आहोत.