खुंटीवरचा चष्मा

मी सतरा वर्षं फौजेत होतो, गाड्या दुरुस्त करायला. डोंगरावरच्या लढाईत तोफा ओढणारा ट्रक बंद पडला की आम्ही त्याच्याखाली झोपून तो चालू करायचो, आणि आजूबाजूला गोळे पडत असायचे. तिथून दोनच गोष्टी घरी आणल्या: डाव्या मांडीतला लोखंडाचा तुकडा आणि कामावर घालायचा एक चष्मा. जाड काचेचा, कडेनं रबर लावलेला. यवतमाळहून येताना कळंबच्या अलीकडे आमचं गाव. वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, आणि रस्त्यालगत माझं टिनाचं शेड. तिथं मोटारी, इंजिनं, फवारणीचे पंप, जे येईल ते दुरुस्त करतो. चष्मा तिथंच खुंटीला टांगला होता. कोणी हात लावला की मी खेकसायचो.

फवारणी धाकट्या भावाकडे असायची. तीन वर्षांखाली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली.

"दादा, फवारा शेंड्याले पोचून नाही राह्यला. काही कर ना."

तोफांच्या गाड्या हाताळलेला माणूस मी, पंप म्हणजे किस झाड की पत्ती! नोझल बदललं, दाब वाढवला. फवारा असा वर गेला, की बांधावरचे लोक वाहवा करायला लागले. शेजाऱ्यानं त्याचाही पंप लगेच आणून दिला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

वर गेलेलं विष खालीच येतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. पहिल्याच दुपारी भाऊ डोळे चोळत शेडमध्ये आला.

"सारं तोंडावर येते दादा. तुहा चष्मा दे ना."

"विषानं काच खराब होईन. फौजेतला हाय तो. दुपट्टा गुंडाळ तोंडाले."

गुंडाळला बिचाऱ्यानं. आणि फौजेत हाच मी, चष्मा न घालता बॅटरी उघडणाऱ्याच्या कानाखाली वाजवत होतो!

तिसऱ्या दिवशी तो पऱ्हाटीच्या ओळीतच खाली बसला. ओकाऱ्या, तोंडाला फेस. "दादा, पऱ्हाटी दिसून नाही राह्यली." यवतमाळच्या दवाखान्यात तो इतका बरळायचा, झटापट करायचा, की हात खाटेला बांधावे लागले. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, नजर काही परत येणार नाही. लढाईत सोबतचे गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या व्हरांड्यात लेकरासारखा रडलो.

माझ्यामुळे झालं हे. पण तसं त्याला तोंडावर म्हणायची हिंमत आजवर झाली नाही. लोक मला शूर म्हणतात!

आमचा पंप मी घणानं फोडला. शेजाऱ्याकडे नोझल काढायला गेलो, तर तो म्हणे, "फौजी, चालत्या गाड्याले खीळ कायले घालता?"

भाऊ आता दिवसभर शेडमध्ये माझ्याजवळ बसतो. नट-बोल्ट चाचपून वेगळे करून देतो. परवा सकाळी शेजारच्या वावरात पंप सुरू झाला. त्यानं मान वर केली.

"दादा, हा तू केलेला पंप ना?"

"हो."

त्यानं हातातला बोल्ट डब्यात टाकला.

"चष्मा हाय ना अजून खुंटीवर? तिथं फवारणाऱ्याले देऊन ये."

मी चष्मा काढला. शर्टानं धूळ पुसली. काचेवर एक ओरखडाही नव्हता.