लीलाताईंच्या दोन खोल्या

दिवेलागण झाली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली दारं एकेक करून आतून लागत, आणि नेमक्या त्याच वेळी तळमजल्यावरच्या लीलाताई आगाशे बाहेर पडायची तयारी करत. इस्त्रीची सुती साडी, पायांत कापडी बूट, खांद्याला शबनम पिशवी आणि मागे एखाद-दुसरा पाहुणा. सत्तरी ओलांडलेली बाई परक्या माणसांना रात्रीचं शहर दाखवायला निघते, हे सोसायटीला कधी पचलं नाही. जिन्यात कोणी विचारलंच, "आत्ता कुठे निघालात?" तर ताई थांबून म्हणत, "पुणं दुपारी झोपतं हो. जागं असताना दाखवायला नको?"

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती, आणि तीही बहुतेक रात्रपाळीत. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर सांगत, "स्थळं दिवसा यायची. मी झोपलेली असायचे." कानाला हेडफोन लावून त्यांनी वर्षानुवर्षं या शहराची रात्र नुसती ऐकली होती. कोणाला मुलगा झाला, कोणाचे वडील गेले, कोण कोणापासून काय लपवतंय, हे सगळं त्यांच्या हातून जोडलं जाई. "रात्रपाळीला दोन हात पुरायचे नाहीत गं," त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या आणि आयुष्यभर ऐकलेली रात्र त्यांच्याबरोबर पाहायला सुरुवात केली.

मी अमरावतीहून नोकरीसाठी आले आणि त्यांच्या वरचा फ्लॅट घेतला. पहिल्या दिवशी पाण्याची वेळ विचारायला खाली गेले, तेव्हा त्या माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत होत्या. मी दोन वाक्यं बोलले असेन. वळूनही न बघता त्यांनी विचारलं, "अमरावती की अकोला?" मी थक्क होऊन म्हटलं, "अमरावती. कसं ओळखलं?" "कान आहेत मला. बसा वऱ्हाडीणबाई, चहा टाकते." तेव्हापासून मी त्यांची वऱ्हाडीणबाई झाले आणि सुट्टीच्या संध्याकाळी त्यांच्या वरातीत सामील व्हायला लागले.

त्या पाहुण्यांना घेऊन बसने जात. जुन्या पेठांतल्या बोळांत कोणीतरी रंगवलेल्या भिंती त्यांना पाठ होत्या. एका भिंतीवर खिडकीतून वाकणारी म्हातारी होती, एका दुकानाच्या शटरवर मोठा मासा होता. शटर बंद झाल्याशिवाय मासा दिसत नसे, म्हणून दुकानदार शटर ओढून जेवायला जाईपर्यंत त्या समोर उभ्या राहत. एकदा एका जर्मन मुलीला नाच बघायचा होता, तर तिला थेट कोरेगाव पार्कातल्या पबात घेऊन गेल्या. दारावरच्या धिप्पाड माणसाने त्यांची साडी बघून हिंदीत म्हटलं, "आजी, इथे तुमचं काय काम?" ताईंनी विचारलं, "का? आत मुलांना झोपवताय?" त्याने हसून वाट सोडली. आत ताई लिंबू सोडा घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि बाहेर येताना म्हणाल्या, "ट्रंक लाइनीवर याहून जास्त खरखर असायची."

झरीन त्यांच्याकडे आली ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मिरजेची, पंचविशीतली, भिंतीवर चित्रं काढणारी. नदीकाठच्या रस्त्यालगतची एक लांबलचक भिंत रंगवायचं काम तिला एका संस्थेनं दिलं होतं. राहायची सोय मात्र तिची तिने करायची होती. दोन लॉजवाल्यांनी एकट्या मुलीला खोली देत नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने खोली दाखवली, ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि ती खोली आधीच गेली असल्याचं त्याला आठवलं.

"मावशी, पंधरा-वीस दिवसांचं काम हाय. रंगाचा वास येईल माझ्या कपड्यांना," झरीनने दारातच सांगून टाकलं.

"इथे फोडणीचा येतो. चालतो का?" ताई म्हणाल्या आणि तिच्या हातात किल्ली दिली.

आठवड्याच्या आत सोसायटीचे अध्यक्ष वर्तक (नाव अर्थातच बदललं आहे) दोन सभासदांना घेऊन खाली आले. मी तिथेच होते. वर्तक बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य, आवाज न चढवणारे गृहस्थ.

"लीलाताई, गैरसमज नको. पण कोण कुठली माणसं आपण ठेवून घेता, याची आम्हाला काळजी वाटते."

"कोण ते माहीत आहे, झरीन. कुठली तेही माहीत आहे, मिरजेची. आणखी काय काळजी वाटते?"

"आपल्याला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"कळतंय. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. बोला ना."

वर्तकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "राहत्या जागेत असा व्यवसाय चालवायचा का, हे रविवारी सभेत ठरेल. मतदान घ्यावं लागेल." ते गेल्यावर ताईंनी दार लावलं आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. पाहुण्यांशिवाय त्यांच्या घरात रेडिओखेरीज बोलणारं कोणी नव्हतं.

सभेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, मी ऑफिसातून घरी येत होते तोच झरीनचा फोन आला. मागे गलका ऐकू येत होता. "दीदी, लोक जमलेत. खाली उतरू देत नाहीत. मावशीला सांगू नका, नुसतं तुम्ही या." मी अर्थातच ताईंना सांगितलं. आम्ही रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर माझ्या फोनवर आमच्या भागाच्या ग्रुपमधून एक फोटो येऊन पडला: भिंतीवरची अर्धवट स्त्री, अंगाला आठ-दहा हात, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं कोरं वर्तुळ. खाली कोणाकडून तरी पुढे आलेला आवाजी संदेश होता. मी तो लावला; आवाज सर्दीने बसलेला होता. "बघा, आपल्या देवीचं तोंड पुसून ठेवलंय. कोणी काढलंय त्याची चौकशी करा. आपण गप्प बसणार आहोत का?"

"पुन्हा लाव," ताई म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी तो पुन्हा ऐकला. चेहरा एकदम उतरला.

"कोणाचा आवाज आहे? ओळखता तुम्ही?"

"रिक्षा जरा जोरात घ्या हो," त्या चालकाला म्हणाल्या.

भिंतीपाशी शंभरेक माणसं असतील. बरीचशी नुसती बघायला थांबलेली होती, पण पुढे उभी असलेली दहा-बारा पोरं तापलेली होती. रंगाचा एक डबा लाथेने कलंडला होता आणि फुटपाथवर निळा ओघळ गेला होता. दोन हवालदार बाजूला वायरलेसवर बोलत होते. बांबूच्या परांचीवर, दोन मजल्यांच्या उंचीवर, झरीन भिंतीला चिकटून उभी होती आणि खालून एकजण परांचीचा खांब गदागदा हलवत होता. प्रत्येक हिसक्याला वरच्या फळ्या कुरकुरत होत्या.

ताई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि मध्येच थबकल्या. वर बघत राहिल्या. मीही पाहिलं. फोटोत नीट दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. त्या हातांत शस्त्रं नव्हती. प्रत्येक हातात एक वायर होती, आणि वायरींची टोकं लहान लहान खिडक्यांत गेली होती. प्रत्येक खिडकीत कोणीतरी कानाला फोन लावून बसलं होतं. फोटोत जे डोक्यामागचं तेजोवलय वाटलं होतं, ती हेडफोनची पट्टी होती.

ताईंनी जाऊन खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. पोरगा दचकला. "आजी, बाजूला व्हा."

"का? हलव ना. मीही हलते."

"ही कोण आहे माहितीये का तुम्हाला?" त्याने भिंतीकडे बोट केलं.

"चांगलीच माहितीये. मी आहे ती."

मागून कोणीतरी हसलं. पोरगा लालबुंद झाला. "चेष्टा करू नका. आठ हात आहेत तिला."

"मोजलेस का? आम्हाला त्याहून जास्त लागायचे." मग त्यांनी आवाज चढवला. त्यांचा चढलेला आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. वाहनांच्या कोलाहलातूनही तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. "टेलिफोन ऑपरेटर आहे ही! तुमच्या आईबापांचे फोन रात्री-बेरात्री जोडणारी बाई आहे! ते जोडताना आम्ही नाव विचारायचो, जात नाही! चेहरा राहिलाय, तो उद्या काढून होईल. उद्या दुपारी या सगळे. देवी निघाली, तर मी स्वतःच्या हाताने पुसेन. पण आत्ता ती पोरगी पडली, तर तुमच्यातला कोण तिच्या आईला मिरजेला फोन करणार आहे? हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. एक हवालदार तेवढ्यात पुढे आला आणि त्याने त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. मागची गर्दी पांगायला लागली, मग पुढचीही. झरीन खाली उतरली. ती ताईंना म्हणाली, "चेहरा तुमचा काढायचा होता. विचारायचं धाडस होईना, म्हणून ठेवला होता."

"विचारायचं होतंस. नाही म्हटलं असतं," ताई म्हणाल्या आणि पदराने तिच्या गालावरचा रंग पुसायला लागल्या. तो काही निघाला नाही.

घरी परतल्यावर त्या आपल्या दाराकडे न जाता जिना चढू लागल्या. मी मागोमाग गेले. वर्तकांनी दार उघडलं, आणि ताईंना बघून त्यांचा हात तसाच कडीवर राहिला.

"तुमचा सर्दीचा आवाज मी ओळखणार नाही, असं वाटलं तुम्हाला?" ताई हळू म्हणाल्या.

वर्तकांनी दार मागे अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाले, "इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं. मला फक्त... सोसायटीचं..."

"ती पडली असती हो."

आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, "कोण आहे?" वर्तकांनी घाबरून मागे पाहिलं. ताई म्हणाल्या, "भिऊ नका. मी कोणाला सांगणार नाही. आमच्या नोकरीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं." आणि माझ्याकडे वळून, "तूही नाही." जिना उतरताना मी संतापून त्यांच्याशी भांडले. सभेत एवढं एक वाक्य बोललात तर वर्तक तोंड दाखवू शकणार नाहीत, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "तेच तर. मग त्यांनी राहायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ताईंनी चेहरा काढून घेतला. आदल्या दिवशीच्या पोरांपैकी दोघं-तिघं आली, लांबून बघून गेली. रविवारी सभा झाली. वर्तक एकदाही ताईंकडे न बघता बोलले. मतदान झालं आणि ताई हरल्या. मला वाटलं, आता तरी त्या बोलतील. त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय तुमचा."

पाहुण्यांशिवायचं घर त्यांनी जेमतेम पावसाळाभर सोसलं. दिवाळीआधी फ्लॅट विकून त्या धायरीत एका जुन्या बैठ्या घरात राहायला गेल्या. तिथे सोसायटी नव्हती. दोन खोल्या होत्याच. "लांब पडतं, पण शेवटची बस उशिरापर्यंत आहे," असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. पुढची तीन वर्षं तिथेही माणसं येत राहिली. झरीन पुण्यात आली की तिथेच उतरायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. शेजारच्या बाईंनी मला कळवलं. झरीन दुपारपर्यंत मिरजेहून पोहोचली. आम्ही स्मशानातून परत आलो आणि अंगणात बसलो होतो. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. पाठीवर मोठी सॅक घेतलेला एक तरुण उतरला. त्याने आठवड्यापूर्वीच फोन करून खोली सांगून ठेवली होती. आमचे चेहरे, ओले पाय आणि दारात ठेवलेली पणती बघून त्याला उमजलं.

"सॉरी, मला माहीत नव्हतं," तो गडबडून म्हणाला. "मी दुसरीकडे कुठेतरी बघतो." आणि जाणाऱ्या रिक्षाला हात करायला वळला.

मी झरीनकडे पाहिलं. ती आधीच उठली होती. तिने फाटक उघडलं, त्याच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली आणि म्हणाली, "दुसरीकडं कुठं बघतोस? हातपाय धू. जेवला नसशील."