चारच डाव लक्षात राहतात

आज वालीवच्या कंपनीत साहेबांनी माल तपासायच्या माझ्या कामाबरोबर पॅकिंग आणि डिस्पॅचही गळ्यात मारलं. वर म्हणाले, "शिकाल हो मॅडम."

दमून बोळिंजला घरी आले, तर लेक मोबाईलवर राक्षसांची लढाई खेळत होती. आग ओकणाऱ्या राक्षसाला वीज पाडायला शिकवत होती.

"आगीवाल्याला वीज कशी जमेल गं?"

"जमते आई. फक्त जोर कमी पडतो. आणि त्याच्या लक्षात चारच डाव राहतात, म्हणून एक जुना पुसायचा."

मग भावाने माहेरच्या, गिरीजच्या वाडीतून पाठवलेला मोगरा घेऊन बसले. लहानपणी मी केळीच्या वाखाच्या दोऱ्याने डोळे मिटून गजरा बांधायचे. आज बोटांना गाठच आठवेना.

नवीन शिकता शिकता तुमचं काय पुसलं गेलं?