अजून थोडं घ्या ना

माकुणसार गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षी पाहुण्यांना जेवण वाढण्याची परीक्षा होती. तीत पास होणाऱ्यांनाच मोठ्या हॉटेलांच्या मुलाखतीला बसता येणार होतं. माझ्याकडे नव्हते म्हणून कॉलेजातल्या सरांनी स्वतःचे काळे बूट मला परीक्षेला घालायला दिले होते.

पाहुणे म्हणून परीक्षकच टेबलाशी बसले. मी डावीकडून नीट वाढलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हटलं. आमच्याकडे पहिल्या "पुरे"ला कुणी थांबत नाही. थांबलं तर पाहुण्याचा अपमान होतो. "अजून थोडं घ्या ना," म्हणत मी भात वाढलाच. तो त्यांच्या कोटाच्या बाहीवर सांडला.

"हे लग्नघर नाही," ते म्हणाले.

मी नापास झालो. बूट पुसून सरांना परत केले आणि घरी आलो. सगळं ऐकून आई म्हणाली, "मंग त्यात चुकलं काय? पावन्याला इचारायचं पन नाय?"

पदवी पुढच्या वर्षी मिळाली, पण तेव्हा मुलाखती घ्यायला कुणी आलंच नाही. बोईसरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागलो. तिथे कामगार थाळी पुढे करायचे आणि मी प्रत्येकाला ठरलेला एकच डाव भात वाढायचो.