घंगाळातला श्वास

आमचे हे सोलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. खडूचा एवढासा तुकडासुद्धा टाकायचे नाहीत आणि वादात एक शब्द सोडायचे नाहीत. मी मोहोळकडची, शेतकऱ्याची पोर, विहिरीत पोहतच वाढलेली. आमचं छान जमायचं, कारण भांडायला विषय कधी कमी पडला नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला माहेरी गेलो, तेव्हा ह्यांच्या डोक्यात शाळेचा एक धडा घोळत होता. भांडं उपडं करून पाण्यात दाबलं, की आतली हवा आतच राहते. "म्हणजे माणूस विहिरीच्या तळाशीसुद्धा श्वास घेऊ शकेल," हे म्हणाले. मी म्हटलं, "पुस्तकातल्या पाण्यात कुणी बुडत नाही." झालं, तेवढं पुरलं ह्यांना.

माझ्या थोरल्या भावाने अंघोळीचं तांब्याचं घंगाळ आणलं, त्याच्या दोन्ही कड्यांना दगड बांधले आणि दोराने उपडंच विहिरीत सोडलं. विहिरीला चार पुरुष खोल पाणी होतं. "दाजी, बेतानं हां," एवढंच तो म्हणाला. हे दोर धरून खाली गेले. वर बुडबुडे येत होते, म्हणजे घंगाळात तोंड घालून श्वास घेणं चाललं होतं. खोटं कशाला सांगू, मला मेलीला कौतुकच वाटत होतं.

मग हे झपकन वर आले. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. माझ्याकडे बघून हसायला तोंड उघडलं, तर फेसाबरोबर रक्त आलं आणि हे तसेच खाली जायला लागले. मी लुगड्यानिशी उडी टाकली, शेंडी हाताला लागली तिला धरून वर ओढलं. शुद्ध आली तेव्हा मला ओळखेनात. उजवा हात तर लुळा पडलेला.

भावाने बैलगाडीत आडवं निजवून स्टेशनावर नेलं, तिथून सोलापूर. डॉक्टर म्हणाले, "पाण्याखाली हवा दाबली जाते. तीच छातीत भरून वर आलं, की ती फुगते. सोडत आलं नाही तर फुप्फुस फाटतं आणि हवेचा बुडबुडा रक्तातून डोक्यात जातो. जीव वाचला हेच पुष्कळ. हाताचं मात्र सांगता येत नाही." मास्तराचा उजवा हात, आणि तो गेला माझ्या एका टोमण्यापायी. मला स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

संध्याकाळी ह्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, "अहो, वर येताना श्वास सोडला का नाही?"

"एवढ्या कष्टाने मिळवलेला," हे पुटपुटले, "वाया कशाला घालवायचा?"

मी भाकरी कुस्करून भरवत राहिले. हे मुकाट जेवायचे, वाद म्हणून घालायचे नाहीत. ते मला सोसेना.

चौथ्या दिवशी सकाळी ताट पुढ्यात ठेवून मी आमटी आणायला उठले. परत येते तो ह्यांनी उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला होता. बोटं थरथरत होती, पण तुकडा पडू दिला नव्हता. माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे. चार दिवसांत जेवली नाहीस तू."

विहिरीत, गाडीत, डॉक्टरांपुढे माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. तो घास तोंडात घेतला आणि मी ढसाढसा रडले.