युरिया न दिलेली पट्टी

परवा तमिळनाडूतल्या आमच्या इन्नंबूरच्या शेतात सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता...

भात कापल्यावर नांगरट न करता त्याच धसकटांत आम्ही मका टोकतो, बोअरचं पाणी देतो. युरिया किती कमी करता येतो ते बघायला सहा वर्षं त्याच तीन पट्ट्या ठेवल्यात... एकीला पूर्ण युरिया, दुसरीला निम्मा, तिसरीला अजिबात नाही. सगळं मी स्वतः वहीत लिहिते.

तिसरी पट्टी पहिली तीन वर्षं पिवळी पडायची. मग हळूहळू हिरवी व्हायला लागली. न नांगरलेल्या जमिनीला जोर आला, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. शेजारच्या मुरुगेसन अण्णांनी तर यंदा माझ्या शब्दावर निम्माच युरिया टाकला.

आणि आता त्यांचा मका पिवळा पडत होता... माझा बिनयुरियाचा मात्र हिरवागार.

कुठेतरी चुकतंय, एवढंच कळत होतं. शेजारच्या पट्टीतलं पाणी झिरपतंय का बघितलं, पाट तपासला, बांध तपासला... चार फेऱ्या झाल्या. शेवटी खुरपणी करणाऱ्या चेल्लम्माला विचारलं. ती लग्न होऊन आल्यापासून आमच्याच शेतात राबते.

खुरपं चालूच ठेवून ती म्हणाली, "मीच टाकते अक्का. पोत्यात उरलेला, थोडा थोडा. तीन वर्षं झाली. दोघांना पोटभर वाढायचं आणि तिसऱ्याला उपाशी बसवायचं... मला बघवत नाही."

तशीच मुरुगेसन अण्णांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते आपल्या मक्यात शिरले आणि एका ताटाचा शेंडा वाकवून बघितला.

"अजून तुरा आलेला नाही, युरिया लागू पडेल. आजच टाकतो," ते म्हणाले. "पण अम्मा, हे पंधरा दिवसांनी कळलं असतं तर..." मला मान वर करवेना.

परत येऊन चेल्लम्माशेजारी बांधावर बसले. ती पट्टी उपाशी का ठेवायची, ते तिला पहिल्यांदाच समजावलं. खुरप्याची माती पुसत तिने ऐकून घेतलं.

"बरं, नाही टाकणार. पण मग त्या पट्टीत मला पाठवू नका."

काल तिथली खुरपणी मीच केली. गावभर सांगत फिरले... रोज तिथे वाकणाऱ्या बाईला मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. तिच्या मायेला मी तीन वर्षं माझं ज्ञान समजत होते.