कडेच्या पट्टीवरचे कर्नल-सान

परिषदेचा समूहफोटो वर्तमानपत्रात येतो, तेव्हा अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा देश कुठला, हे तुम्ही कधी वाचलंय? मीही वाचत नसे.

तोक्योच्या निशी-कसाई भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तसे एक गृहस्थ राहत. एका चिमुकल्या बेटदेशाचे ते इथले लष्करी प्रतिनिधी. कचेरी, कारकून आणि ड्रायव्हर मिळून ते एकटेच. इमारत त्यांना कर्नल-सान, म्हणजे कर्नलसाहेब, म्हणे. फोटो म्हटलं की टोपी काखेत आणि, कडेला कापलं जायला नको म्हणून, अर्धं पाऊल आत, ही त्यांची सवय. माझ्या नवऱ्याने जिन्यात त्यांचा एकट्याचा फोटो काढला, तेव्हाही ते अर्धं पाऊल आत सरकले.

"आमचं सगळं सैन्य तोझाई मेट्रो लाइनच्या एका गाडीत मावेल," ते सांगत. "तेही बसून."

जळणारा आणि न जळणारा कचरा ते इतका चोख वेगळा करत, की तळमजल्यावरच्या आजी नव्या भाडेकरूंना त्यांचीच पिशवी नमुना म्हणून दाखवत.

मी लष्करविरोधी पत्रकं वाटत वाढलेली. नव्वदच्या दशकात पुण्याहून इथे आले तरी सवय सुटली नव्हती. जगातली सगळी सैन्यं बरखास्त करा, असं एक पत्रक मी त्यांच्या दारातून आत सरकवलं. दुसऱ्या दिवशी ते नीट घडी घालून परत द्यायला आले.

"सगळं पटलं," ते म्हणाले. "फक्त पेरलेले सुरुंग कोण काढणार, ते लिहायचं राहिलंय."

त्यांच्या देशाचे तीस जवान तेव्हा शांतिसेनेत होते. दुसऱ्याच कुणाचं तरी युद्ध संपल्यावर शेतांत राहिलेले सुरुंग काढत होते. मोठ्या देशांनी त्यांना नकाशे दिले होते, निळ्या टोप्या दिल्या होत्या. सुरुंग शोधायची यंत्रं दिली नव्हती. पोरं लोखंडी सळीने माती टोचत पुढे सरकत. एकाचा पाय गेला, तेव्हा सगळ्या देशांचे सहानुभूतीचे संदेश आले. कर्नल-सानांनी ते फाइलला लावले.

त्या वर्षी संरक्षण सहकार्याची परिषद तोक्योत भरली आणि मला तिथे टायपिंगचं आरुबाइतो, म्हणजे तात्पुरतं काम, मिळालं. कर्नल-सान दोन दिवस यंत्रं मागत होते. यजमान अधिकारी दोन्ही दिवस "विचार करू" म्हणाले. जपानात राहिलेल्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. जाहीरनाम्यात मात्र 'लहान देशांचा मोलाचा सहभाग' मी तीनदा टाइप केला.

शेवटी फोटो. जमिनीवर प्रत्येक देशाच्या नावाची चिकटपट्टी लावलेली होती. सगळे आपापल्या पट्टीवर उभे राहिले. कर्नल-सान आपल्या पट्टीपासून दोन पावलं लांब, टोपी डोक्यावर.

फोटोग्राफर थांबला. एकही पट्टी रिकामी दिसता कामा नये, असं त्याला बजावलेलं होतं, आणि इथे सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच होतं. सगळे प्रतिनिधी चेहऱ्यावर हसू धरून उभे. यजमान अधिकारी लगबगीने आले.

"कर्नल-सान, आमचं काही चुकलं का?"

"नाही. फोटोला मी लागतो ना?"

"अर्थातच."

"माझ्या पोरांना यंत्रं लागतात."

वीस मिनिटं गेली. मग मला बोलावून जाहीरनाम्यात एक ओळ वाढवायला सांगितलं: यंत्रं तीन महिन्यांत पोचतील. कर्नल-सानांनी कागद दोनदा वाचला, किती यंत्रं तेही लिहायला लावलं. मग टोपी काखेत घेतली, पट्टीवर गेले आणि अर्धं पाऊल आत सरकले.

यजमानांना अडचणीत आणल्याबद्दल त्यांच्या सरकारने त्यांना महिन्याभरात परत बोलावलं. जाताना त्यांनी शेवटचा कचरा वेगळा करून ठेवला आणि माझं ते पत्रक मागून नेलं. पुढे त्यांचं पोस्टकार्ड आलं: "यंत्रं पोचली. चालतात. पत्रकात एक ओळ वाढवली आहे, राग नसावा."

पुढच्या वर्षीच्या फोटोत कडेला नवा अधिकारी होता. पट्टीवर बरोबर उभा, हसतमुख.

तेव्हा असा फोटो पुन्हा दिसला, की कडेच्या माणसाचा देश वाचा. आणि संपादकांना एक पत्र टाका: या माणसाने काय मागितलं होतं, आणि ते त्याला मिळालं का?